उतारूची तहान आणि मक्तेदाराचा नफा

इंग्लंडमधील रेल्वेचा प्रवास खासगीकरणाच्या फलाटावरून पुन्हा सार्वजनिक मालकीच्या दिशेने सुरू झाला आहे. १९९३ च्या कायद्याने तुकडे करून विकलेली ही व्यवस्था तीस वर्षांत लोकांच्या मनातून उतरली. २०२४ च्या अखेरीस झालेल्या कायद्यानुसार उतारू गाड्या चालविणाऱ्या कंपन्यांचे करार संपतील तसतशा त्या गाड्या सरकारने ताब्यात घ्यावयाच्या आहेत. या कायद्याखाली पहिली पाळी मे २०२५ मध्ये साउथ वेस्टर्न रेल्वेची आली. समाजवादी विचाराच्या माणसाला ही वार्ता समाधान देणारी आहेच. परंतु मालकी बदलली की प्रश्न संपला, असे मानण्याची जुनी सवय आपण सोडली पाहिजे. गाडी कोणाची, या प्रश्नाइतकाच दुसराही एक प्रश्न महत्त्वाचा आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. गाडी यायला दीड तास अवकाश आहे, बाहेर पाऊस आणि थंडी आहे, अशा वेळी उतारूने बसावे कोठे, प्यावे काय, आणि त्यासाठी कोणाला किती पैसे मोजावेत? म्हणजे, स्थानक कोणाचे?

या प्रश्नाची चर्चा करताना ब्रिटनमध्ये पबचा विषय टाळता येत नाही. साने गुरुजींच्या संस्कारात वाढलेल्या आपल्या वाचकांपैकी काहींच्या कपाळावर येथेच आठी पडेल. ती आठी अनादराने पाहावी असे मला वाटत नाही. दारूने उद्ध्वस्त केलेले कामगारांचे संसार आपण आपल्या वस्त्यांतून पाहिले आहेत. ब्रिटिश मजूर चळवळीलाही हा अनुभव होता. केअर हार्डी मद्यपाननिषेधाच्या चळवळीतून पुढे आले होते. पुढे मजूर सरकारात अर्थमंत्री झालेले फिलिप स्नोडेन स्वतः मद्याला स्पर्श करीत नसत. पण १९०८ मध्ये त्यांनी समाजवाद आणि दारूचा प्रश्न या विषयावर एक ग्रंथ लिहिला आणि त्यात या धंद्यावर सार्वजनिक नियंत्रण असावे, अशी बाजू मांडली. दारू वाईट म्हणून तिच्या अर्थकारणाकडे पाठ फिरवावयाची, हा मार्ग त्यांनी पत्करला नाही. तोच धडा आपण येथे गिरवावयाचा आहे.

पब म्हणजे आपल्याकडचा गुत्ता नव्हे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. तो शब्दच मुळी ‘पब्लिक हाउस’ याचा संक्षेप आहे. म्हणजे सार्वजनिक घर. ‘मास ऑब्झर्वेशन’ या संस्थेच्या निरीक्षकांनी १९३० नंतरच्या दशकात बोल्टन या गिरणगावातील पबांचा बारकाईने अभ्यास केला आणि १९४३ मध्ये तो पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. घर आणि कामाची जागा सोडल्यास माणसे सर्वांत अधिक वेळ पबमध्ये घालवितात, असे त्यांना आढळले. एका प्याल्याच्या किमतीत दोन तास ऊब, उजेड, गप्पा आणि वर्तमानपत्र मिळत असेल, तर दोन खोल्यांच्या कोंदट घरात राहणाऱ्या गिरणी कामगाराला ती चैन नव्हती. ती गरज होती. जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४६ मध्ये आपल्या मनातल्या आदर्श पबचे वर्णन करणारा लेख लिहिला. त्याचे खरे मर्म असे की, सारे गुण सांगून झाल्यावर असा पब अस्तित्वातच नाही, अशी कबुली त्यांनी दिली. आदर्श सार्वजनिक घर प्रत्यक्षात का सापडत नाही, याचे उत्तर अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला शोधता आले पाहिजे.

त्या उत्तराचा आरंभ रेल्वेपासूनच करता येतो. १८४१ मध्ये ग्रेट वेस्टर्न रेल्वे कंपनीने स्विंडन येथे बांधकामाच्या ठेकेदारांशी एक करार केला. ठेकेदारांनी स्थानकाची इमारत स्वतःच्या खर्चाने उभी करावी, आणि मोबदल्यात तेथील उपाहारगृहाचा मक्ता त्यांना ९९ वर्षांसाठी मिळावा. शिवाय येथून जाणारी प्रत्येक नियमित उतारू गाडी सुमारे दहा मिनिटे थांबलीच पाहिजे, अशी अट घालण्यात आली. भुकेलेला उतारू, दहा मिनिटे, आणि दुसरे दुकान नाही! मक्तेदारी म्हणजे काय, हे वर्गात शिकविण्यासाठी याहून सुबक उदाहरण मला आजवर सापडलेले नाही. परिणाम व्हावयाचा तोच झाला. खुद्द कंपनीचा अभियंता ब्रुनेल याने उपाहारगृहाच्या चालकाला उपरोधिक पत्र लिहून तेथील कॉफीला कॉफी म्हणण्याचेच नाकारले. या कराराच्या जोखडातून सुटण्यासाठी कंपनीला १८९५ मध्ये सुमारे एक लाख पौंड मोजावे लागले. इमारतीचा खर्च वाचविण्यासाठी दिलेला मक्ता अर्धशतकानंतर असा महागात पडला. सार्वजनिक मालमत्ता खासगी भांडवलावर ‘विकसित’ करून घेण्याचे जे तंत्र आज नवे म्हणून आपल्यापुढे मांडले जाते, ते किती जुने आहे हे यावरून दिसावे. डिकन्स यांनी १८६६ मध्ये ‘मग्बी जंक्शन’ या कथामालेत स्थानकावरील उपाहारगृहाची जी टर उडविली, तिच्यामागे अशाच साऱ्या स्थानकांवरचा लोकांचा अनुभव होता.

याच्या नेमका उलट प्रयोगही त्याच देशात झाला, आणि तोही एका रेल्वे जंक्शनच्या गावी. पहिल्या महायुद्धात स्कॉटलंडच्या सीमेवर ग्रेटना येथे स्फोटक द्रव्यांचा प्रचंड कारखाना उभारण्यात आला. तेथील हजारो बांधकाम मजूर संध्याकाळी आगगाडीने कार्लाइल गावी येत. गाडी येण्यापूर्वीच स्थानकाजवळच्या एका मद्यगृहात व्हिस्कीचे शेकडो प्याले भरून ठेवलेले असत, असे तत्कालीन वर्णनांत आढळते. दारूमुळे युद्धसामग्रीचे उत्पादन खोळंबते आहे, असे पाहून सरकारने १९१६ मध्ये या भागातील बिअरचे कारखाने आणि पब सरळ ताब्यात घेतले. म्हणजे ब्रिटनमध्ये कोळसा व रेल्वे यांच्या आधी तीस वर्षे राष्ट्रीयीकरण झाले ते पबचे!

कार्लाइलच्या योजनेतील मूळ विचार मोलाचा होता. पबचा व्यवस्थापक हा पगारी नोकर असे. बिअर किंवा व्हिस्की अधिक खपली म्हणून त्याला एक पेनीही अधिक मिळत नसे. मात्र खाद्यपदार्थ आणि मद्यविरहित पेये यांच्या विक्रीवर त्याला अडत मिळे. झिंगलेल्या माणसाला आणखी एक प्याला देण्यात ज्याचा कोणताच लाभ नाही, तो माणूस काउंटरमागे उभा करावयाचा, अशी ही साधी युक्ती होती. अंधाऱ्या गुत्त्यांची संख्या मोठ्या प्रमाणावर कमी करण्यात आली. उरलेल्यांत जेवणाची, बसण्याची, खेळण्याची सोय झाली. दोन महायुद्धांमधील काळात हॅरी रेडफर्न या वास्तुविशारदाने योजनेसाठी बांधलेल्या पबांच्या इमारती आजही नावाजल्या जातात. आणि हे सारे करून योजना सरकारी तिजोरीत नफाच भरीत होती. तोट्यातला सरकारी धंदा म्हणून तिच्याकडे बोट दाखविण्याची सोय कोणालाच नव्हती. तरीही हीथ यांच्या हुजूर पक्षीय सरकारने १९७१ मध्ये कायदा करून ती मोडीत काढली. पुढील दोन-तीन वर्षांत बिअरचा कारखाना आणि बहुतेक सारे पब खासगी कंपन्यांच्या हाती गेले.

ही विक्री होताना गावात मोठे आंदोलन का उसळले नाही, हाही प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे. १९२१ पासून योजनेचा कारभार लंडनच्या गृहखात्याकडे होता. पब लोकांचे होते, पण ते कसे चालवावेत, कोणती बिअर विकावी, कोणता पब बंद करावा, यांत त्या लोकांचा आवाज क्षीण होता. नोकरशाहीने जपलेली सार्वजनिक मालमत्ता लोकांना आपली वाटत नाही. आणि जी आपली वाटत नाही ती विकली गेल्यावर कोणी रस्त्यावर येत नाही. राष्ट्रीयीकरणाच्या इतिहासातील हा धडा कार्लाइलपुरता मर्यादित नाही.

स्थानकांवरही हेच घडले. ब्रिटिश रेलच्या उपाहारगृहांना १९७३ पासून ‘ट्रॅव्हलर्स फेअर’ हे नाव होते. त्यांच्या सँडविचची थट्टा हा ब्रिटिश विनोदाचा एक ठरलेला विषय होता, आणि सारीच थट्टा अनाठायी होती असे म्हणता येणार नाही. थॅचर सरकारच्या काळात, १९८८ मध्ये, हा विभाग त्याच्या व्यवस्थापकांना विकण्यात आला आणि १९९२ मध्ये तो कंपास या बलाढ्य कंपनीने घेतला. थट्टेचा विषय असलेले सँडविच गेले, ही गोष्ट खरी. पण त्याच्या जागी आले काय? मोठ्या स्थानकांवर तेच ते साखळी दुकानांचे फलक आणि बाहेरच्या रस्त्यापेक्षा चढे दर. स्विंडनचा भुकेला उतारू आजही तेथेच उभा आहे. फक्त मक्तेदाराचा फलक अधिक झगमगीत झाला आहे. जागेचे भाडे जितके चढे, तितका तो प्याला महाग. आणि ते भाडे अखेर भरतो कोण, तर रांगेत उभा असलेला उतारू!

स्थानकाबाहेरच्या पबची कथा निराळी नाही. बहुसंख्य पब बड्या बिअर कारखानदारांच्या मालकीचे असत आणि पबचालकाने त्याच मालकाची बिअर, मालक सांगेल त्या दराने घ्यावी, असे बंधन असे. मक्तेदारी चौकशी आयोगाच्या अहवालानंतर १९८९ मध्ये सरकारने हुकूम काढून दोन हजारांहून अधिक पब बाळगणाऱ्या कारखानदारांवर मर्यादा घातल्या. हेतू स्पर्धेचा होता. निष्पन्न मात्र झाले ते विपरीत. कारखानदारांनी विकलेले पब केवळ मालमत्ता बाळगणाऱ्या नव्या कंपन्यांनी घाऊक विकत घेतले. त्या स्वतः बिअर बनवीत नसत. तरी कुळाने आपल्याचकडून बिअर घ्यावी, हे बंधन त्यांनी कायम ठेवले. एका सावकाराच्या जागी दुसरा सावकार आला. कुळाला बाजारभावाने भाडे भरून या बंधनातून मोकळे होण्याचा हक्क मिळण्यास २०१६ साल उजाडावे लागले, आणि तोही केवळ पाचशे वा त्याहून अधिक बांधील पब असलेल्या कंपन्यांच्या कुळांना. दरम्यान, या शतकाच्या आरंभी सुमारे साठ हजार असलेली पबांची संख्या आज पंचेचाळीस हजारांच्या आसपास आली आहे.

असे असूनही प्रवासात चांगला पब सापडतो. तो कसा सापडतो, हे पाहिले तर उपायांची दिशाही दिसते. १९७१ मध्ये चार मित्रांनी अस्सल बिअरच्या रक्षणासाठी एक मोहीम सुरू केली. आज ‘कॅमरा’ या नावाने ती ओळखली जाते आणि तिचे सभासद लाखाहून अधिक आहेत. १९७४ पासून दरवर्षी निघणारी तिची पबमार्गदर्शिका हे ग्राहक चळवळीचे एक नमुनेदार फळ आहे. त्या त्या गावचे सभासदच पबची निवड करतात; पबमालकाला पैसे देऊन तीत शिरता येत नाही. नव्या गावी उतरलेल्या माणसाने ती पाहावी. नसेल तर फलाटावरच्या हमालाला वा तिकीट तपासनिसाला, कामाची पाळी संपल्यावर तुम्ही कोठे जाता, असे विचारावे. दारावर ‘फ्री हाउस’ अशी पाटी असेल तर तो पब कोणा कारखानदाराशी बांधलेला नाही, एवढे कळते.

आणि काही ठिकाणी फलाट सोडण्याचेही कारण पडत नाही. मँचेस्टर आणि लीड्स यांच्या दरम्यान स्टॅलीब्रिज येथे फलाटावरच १८८५ पासूनचे उपाहारगृह आहे. जुना काउंटर आणि शेगडी यांच्यासह ते जपले गेले आहे. शेफील्डला १९०४ साली बांधलेले पहिल्या वर्गाचे उपाहारगृह कित्येक वर्षे बंद पडून मोडकळीस आले होते. डागडुजी होऊन २००९ मध्ये ते पब म्हणून उघडले. यॉर्क स्थानकावरील जुन्या चहागृहाचे २०११ मध्ये असेच पुनरुज्जीवन झाले. न्यूकॅसलची कथा तर बोलकी आहे. १८९३ मध्ये सुंदर चिनी मातीच्या फरश्यांनी मढविलेली पहिल्या वर्गाच्या उतारूंची खोली; पुढे तीत रेल्वे पोलिसांनी कोठड्या केल्या; आणि २००० पासून तेथे सर्वांना खुला असा पब आहे. ज्या खोलीत एके काळी तिसऱ्या वर्गाच्या उतारूला पाऊल टाकता आले नसते, तेथे आज कोणीही बसू शकतो. हे लहानसे सामाजिक परिवर्तनच म्हटले पाहिजे.

मात्र ‘कोणीही’ हा शब्द जपून वापरावयास हवा. सार्वजनिक घर हे दीर्घकाळ साऱ्या जनतेचे नव्हते. १९६० नंतरच्या दशकात बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिक गावातील पबांत आपल्या पंजाबी बांधवांना काही दालनांत बसू देत नसत. अवतारसिंग जौहल आणि त्यांची इंडियन वर्कर्स असोसिएशन यांनी त्या वर्णभेदाविरुद्ध लढा दिला. फेब्रुवारी १९६५ मध्ये अमेरिकेतील नेते माल्कम एक्स यांनी त्या गावी येऊन हा भेद स्वतः पाहिला. त्याच वर्षाच्या अखेरीस वंशसंबंध कायद्याने अशी बंदी बेकायदा ठरविली. लंडनमधील एका प्रसिद्ध मद्यगृहात स्त्रियांना काउंटरवर उभे राहून पेय मागण्याची मनाई होती. ती १९८२ मध्ये न्यायालयाने बेकायदा ठरविली. पाटीवर ‘पब्लिक’ लिहिल्याने जागा सार्वजनिक होत नाही. ती लढून तशी करावी लागते. आजही शनिवारी रात्री झिंगलेल्या टोळक्यांनी भरलेल्या स्थानकावर एकट्या स्त्रीला काय वाटत असेल, याचा विचार चांगल्या पबच्या कौतुकात हरवता कामा नये.

म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. आधी बाक, मग बार. ज्याला प्यावयाचे नाही, ज्याच्या खिशात पैसे नाहीत, त्यालाही गाडीची वाट पाहण्यासाठी उबदार खोली, पिण्याचे पाणी आणि शौचालय मिळाले पाहिजे. ते सुद्धा ग्राहक म्हणून नव्हे, उतारू म्हणून. या बाबतीत लोकमताचा रेटा उपयोगी पडतो, याचे पुरावे आहेत. नेटवर्क रेल या सार्वजनिक संस्थेने आपण स्वतः चालवीत असलेल्या मोठ्या स्थानकांवरील शौचालयांचे शुल्क २०१९ मध्ये रद्द केले. २०२३ मध्ये इंग्लंडमधील बहुतेक तिकीट खिडक्या बंद करण्याचा घाट घातला गेला, तेव्हा सुमारे साडेसात लाख लोकांनी आपली मते कळविली, आणि ऑक्टोबरअखेर सरकारला तो बेत सोडावा लागला. खिडकीमागे माणूस असला की प्रतीक्षालयाचे कुलूप उघडे राहते, अपंगाला हात मिळतो, हरवलेल्याला वाट मिळते. कार्लाइलला जी आपुलकी दिसली नाही, ती येथे दिसली.

रेल्वे पुन्हा सार्वजनिक होत असताना तेथील समाजवाद्यांनी तीन मागण्या धरून ठेवाव्यात, असे मला वाटते. पहिली, स्थानकावरील जागा केवळ सर्वांत चढी बोली लावणाऱ्याला देऊ नये. दर, दर्जा आणि बसण्याची मोकळीक या अटी करारातच असाव्यात. दुसरी, रिकाम्या पडलेल्या जुन्या खोल्या स्थानिक सहकारी संस्थांना माफक भाड्याने द्याव्यात. हे स्वप्नरंजन नाही. कार्लाइलहून फार लांब नसलेल्या हेस्केट न्यूमार्केट या खेड्यात गावकऱ्यांच्या सहकारी संस्थेने १९९९ मध्ये बिअरचा छोटा कारखाना, आणि २००३ मध्ये तेथील ‘ओल्ड क्राउन’ हा पब गावाच्या पैशाने विकत घेतला. सरकारने जे विकले, ते तत्त्व लोकांनी खालून पुन्हा उभारले. आणि या वेळी त्यात त्यांचा स्वतःचा आवाज आहे. तिसरी, कार्लाइलचा नियम पुन्हा जागवावा: सार्वजनिक जागेत मद्य विकणाऱ्याचे उत्पन्न मद्याच्या खपाशी बांधलेले नसावे.

आपल्याला या चर्चेचा उपयोग काय, असे कोणी विचारील. आपल्या स्थानकांवर पब नाहीत आणि ते असावेत, असे माझे म्हणणेही नाही. पण स्थानकाचा नमुना आपण त्यांच्याकडूनच घेतला, वर्गवार प्रतीक्षालयांसह. मधू दंडवते १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री होते. दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातील उघड्या लाकडी फळ्यांवर त्यांनी गाद्या आणल्या. त्या दोन इंच फोममध्ये एक संपूर्ण विचार होता: ज्याच्यापाशी कमी पैसे आहेत, त्याची पाठही दुखते. आज आपली स्थानके नव्याने बांधली जात आहेत; भोपाळमधील राणी कमलापती स्थानक खासगी भागीदारीतून उभे राहून २०२१ मध्ये खुले झाले. काच, सरकते जिने, पैसे भरून बसावयाची आलिशान दालने, हे सारे येईल. त्याला विरोध करण्याचे कारण नाही. पण अनारक्षित तिकिटावर गावी निघालेला मजूर गाठोडे उशाशी घेऊन कोठे टेकणार, हा प्रश्न नकाशा मंजूर होण्यापूर्वी विचारला गेला पाहिजे. स्विंडनचे ९९ वर्षांचे करार सह्या होईपर्यंत नेहमीच फायद्याचे दिसतात.